बुढ्याची पेज अन् डांबराची धार

माह्या बुढ्याले, म्हंजे माह्या नवऱ्याले, लकवा मारला तवा थंडी नुकतीच सुरू झालती. सकाळी अंगणात तोंड धुऊन राह्यला होता अन् हातातला लोटा पडला. मी म्हटलं, हात ओला असन. पण त्यानं लोटा उचलला नाई, नुसता त्याच्याकडं पाहत उभा राह्यला. तोंड एका बाजूनं उतरलं होतं. शेजारच्याचा ऑटो दारात होता म्हणून निभलं. आधी घाटंजी, तिथून यवतमाळचा मोठा दवाखाना. जीव वाचला. हात-पाय हळूहळू बरेचसे आले. बोलणंबी आलं, जडजड, पण समजण्यासारखं. गिळणं मात्र आलं नाई.

गिळणं हे एक काम हाये, हे मले तवापर्यंत ठाऊकच नव्हतं. तहान लागली का पाणी पेलं, झालं. याले घोटभर पाणी देलं का ठसका, चाय देली का ठसका, डोळ्यातून पाणी येवस्तोवर. डाक्टरनं सांगितलं, गळ्यात दोन वाटा हायेत, एक पोटाची, एक श्वासाची. गिळतेवेळी श्वासाच्या वाटेवर झाकण पडते. याचं झाकण आता उशिरा पडते. पाणी पातळ, ते झाकणाच्या आधीच धावत जाते अन् छातीत शिरते. छातीत शिरलं का ताप, अन् तो ताप म्हाताऱ्या माणसाले घेऊन जाते.

मंग त्याच्या नाकातून पोटात नळी टाकली. नळीच्या तोंडाले मोठी पिचकारी लावायची, सुई नसलेली, अन् दूध, डाळीचं पाणी तिच्यातून हळूहळू सोडायचं. त्यानं नळी उपसू नये म्हणून चांगला हात खाटेले बांधून ठेवत. माणूस कापसाच्या जिनात आयुष्य काढलेला. कापसातून सरकी काढायची यंत्रं असते तिथं, रेचे म्हंते त्याले. त्या रेच्याईले तेल देणं हे याचं काम. तेलाची कुप्पी हातातून कधी खाली ठेवली नाई त्यानं. तोच हात चिंधीनं बांधलेला पाहाव लागे. मी पिचकारी धरली का तो भिंतीकडं तोंड करून घे.

रडाले मले फुरसत नव्हती. अन् चमचा-पिचकारी माह्या हाताले नवी नव्हती. माही एकुलती लेक पहिल्या बाळंतपणात गेली. तिची पोरगी मी गाईच्या दुधावर चमच्या-चमच्यानं वाढवली. जावयानं दुसरं लगन केलं. त्याचंबी खरं हाये, जवान माणूस होता. नात आमच्यापाशी राह्यली. आता ती यवतमाळले मशीनचं शिक्षण घेते, तिथंच होस्टेलात राह्यते, अन् शनिवारी एसटीनं घरी येते. हे जे मी सांगून राह्यलो ते मोबाईलवर लिहून तीच घेते. मी दुसरीपर्यंत शिकलेली, माह्यानं अक्षर लागते पण लवकर लागत नाई.

घरी सोडायच्या आधी दवाखान्यात नळी काढली. तिथं एक बाई हाये, गिळणं शिकवते. वयानं माह्या नातीएवढीच. तिनं बुढ्याच्या गळ्याले बोटं लावली, चमच्यानं काहीबाही देऊन पाह्यलं, अन् मले म्हणाली, "आजी, यांना पातळ काहीच द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. सगळं मधासारखं घट्ट करून द्या. चमचा तिरपा केला की मधासारखं सावकाश पडलं पाहिजे. मग गळ्यातल्या झाकणाला वेळ मिळतो."

"अन् पातळ गेलं तं?"

"तर ताप येईल. पुन्हा छाती भरली तर डॉक्टर पुन्हा नळी टाकतील."

बुढा ऐकून राह्यला होता. घरी येताना ऑटोत त्यानं माह्या लुगड्याचा पदर धरला अन् म्हणे, "नळी नाई."

"नाई टाकू देत," मी म्हटलं.

म्हणून तं बसली. पण ते माह्या हातात हाये का नाई, हे मले कुठं ठाऊक होतं.

घरी आल्यावर ज्वारीचं पीठ बारीक चाळून घेतलं अन् पेज शिजवाले लागली. घाटंजीच्या बाजारातून मधाची लहान शिशी आणली, खायसाठी नाई, नमुना म्हणून. सकाळी गंजात, म्हंजे पातेल्यात, पेज शिजवायची, निवू द्यायची, मंग एका चमच्यात मध, दुसऱ्या चमच्यात पेज घेऊन दोन्ही संगं तिरपे करायचे. दोन्हीची धार सारखी पडली का समजायचं, जमलं. एवढं मले जमत होतं. आयुष्यभर चूल फुंकली, धार पाहाले डोळे लागते, शाळा नाई लागत.

पण लकव्याच्या माणसाले आमच्याकडं थंड देत नाई. पाणीबी कोमट, अंथरूणबी शेकलेलं. शेजारीण रोज कुंपणावरून इचारे, "काकी, निवलेलं तं देऊन नाई राह्यली नं? लकवा वाताचा असते माय, निवलेलं पोटात गेलं का पुन्हा मारते." बुद्धविहारात बसणाऱ्या बायाबी तेच सांगत. मलेबी तेच वाटे. म्हणून निवलेली पेज मी पुन्हा चुलीवर ठेवो. चांगली वाफ येईस्तोवर गरम करो, गुठळी राहू नये म्हणून चमच्यानं गरागरा ढवळो, अन् मंग वाटी घेऊन त्याच्याजवळ बसो.

पहिल्या चमच्याले ठसका. दुसऱ्याले ठसका. मी पाठ चोळो, थांबो, पुन्हा देवो. वाटीतली पेज निम्मी झाली का ठसका कमी होये, अन् शेवटचे चमचे सरळ उतरत. मी समजो का गळा थंडीत आखडलेला असते, पेजेच्या गरमीनं मोकळा होते. म्हणून दुसऱ्या दिवशी पेज अजून गरम करो.

एका सकाळी त्याच्या अंगाले हात लावला तं अंग तापलेलं. दवाखान्यात नेलं. डाक्टरनं कानाची नळी छातीले लावून ऐकलं, दोन-तीन जागी ऐकलं, म्हणे, "खरखर आहे. काय देता खायला?"

"पेज. मधासारखी घट्ट."

"नक्की घट्ट?"

"पाहून देतो जी. धार पाहून देतो."

त्यानं गोळ्या लिहून देल्या. म्हणे, "आत्ता थोडक्यात आहे. पण पुढच्या वेळी छाती अशीच असली तर आपण वाट पाहणार नाही, नळी टाकावी लागेल." बुढ्यानं तिथंच डोळे मिटून घेतले. माणूस रागावला असता तं बरं वाटलं असतं.

ताप गोळ्यांनी उतरला. शनिवारी नात आली. तिनं ब्याग ठेवली, आबाच्या डोक्यावरून हात फिरवला अन् पायथ्याशी बसली. मी नेहमीसारखी पेज गरम करून आणली. पहिला चमचा, ठसका. दुसरा चमचा, ठसका. ती चमच्याकडं पाहत राह्यली. वाटी संपत आली, ठसका थांबला. तवा ती म्हणे, "आजी, रोज असंच होते काय? आधी ठसका अन् शेवटी नाई?"

"हो. गळा गरम व्हाले येळ लागते."

"गळा गरम होते, का पेज थंडी होते?"

मी तिच्याकडं पाह्यलं. ती उठून चुलीपाशी गेली. गंजात सकाळची उरलेली पेज होती, निवलेली. तिनं चमचा भरून तिरपा केला. मधासारखी, जाड, सावकाश. मंग तीच पेज लहान गंजात गरम केली, माह्यासारखी गरागरा ढवळली, अन् पुन्हा चमचा तिरपा केला. सरसर गेली. तेलासारखी.

मी सकाळी धार पाहत होती थंड्या पेजेची, अन् खाऊ घालत होती गरम पेज. या दोन्हीच्या मधला भाग मी कधी पाह्यलाच नाई.

"डांबर," मी म्हटलं.

दुष्काळाच्या एका साली मी रोडच्या कामावर होती, नातीची माय तवा माह्या पोटात. डांबराचे पिंप असत. थंडं डांबर पिंपातून काढाले गेलं तं कुदळ लागे, काळा दगडच. खाली लाकडं लावायची, जाळ करायचा, मंग ते हालाले लागे, मंग पाण्यावानी होये, तवा टिनाच्या झारीत भरून गिट्टीवर सोडायचं. एकदा मले घाई केली मुकादमानं, झारी हिसळली अन् डांबर पिंढरीवर पडलं. गरम होतं तवा वाहत गेलं, अन् पायावर थंडं होऊन तिथंच बसलं. कातडीसंगं निघालं. दुसऱ्या दिवशी कामावर गेलीच, नाई तं हजेरी जाये. तो डाग अजून हाये. नात लहान होती तवा त्याच्यावर बोट फिरवत झोपे.

खाटेवरून बुढा म्हणे, "सिगडी." मंग थोडं थांबून, "कुप्पी."

तेबी मले ठाऊक होतं. थंडीच्या दिवसात सकाळी जिनात तेल कुप्पीतून निघत नसे. तो कुप्पी सिगडीपाशी ठेवे, तेल मोकळं झालं का रेच्यात सोडे. आम्ही दोघं नवरा-बायको, एकानं डांबर तापवलं, एकानं तेल तापवलं, वाहाव म्हणून. अन् आता ज्याच्या गळ्यात हळू जायले पाह्यजे, त्याचीबी पेज मी तापवून राह्यली होती.

बुढा माह्याकडं पाहून वाकड्या तोंडानं हासला. "मले रेचा समजली काय वं?"

लकव्यानंतर पहिल्यांदा हासला तो. नातीनं चमचा खाली ठेवला अन् तीबी हासाले लागली. मी काही हासली नाई तवा, पण बरं वाटलं.

जेवणं झाली. मी नातीले म्हटलं, "गरम केल्यावर पातळ होते हे तं डोळ्यानं दिसलं. पण काहून होते? अन् मध घट्ट, मध घट्ट म्हंते सारे. घट्ट म्हंजे नेमकं काय? दगड तं नाई तो."

"जड," बुढा म्हणे.

"जड नाई आबा. तेल पाण्यापेक्षा घट्ट हाये नं? पाण्यापेक्षा हळू पडते का नाई? तरी पाण्यावर तरंगते. जड असतं तं बुडलं असतं."

हे मी रोज पाहत आली, वरणावरचं तेल. पण असं कधी मनात आलं नाई.

कोपऱ्यात आमच्या वाकळा रचून ठेवलेल्या असते, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, एकावर एक. ती मले म्हणे, "वरच्या वाकळीवर हात ठेव अन् पुढं ढकल." ढकलली. वरची सर्वात जास्त सरकली, तिच्या खालची थोडी कमी, तिच्या खालची अजून कमी, अन् जमिनीवरची जागची हालली नाई.

"पाणी, तेल, मध, सगळं असंच वाहते," ती म्हणे. "त्याचे पातळ-पातळ थर हायेत असं समज. भांड्याले लागलेला थर भांड्याले धरून बसते. त्याच्यावरचा थोडा सरकते, त्याच्या वरचा अजून जास्त. अन् सरकताना एक थर दुसऱ्याले मागं ओढते. मधाचे थर एकमेकाले लई ओढून धरते. पाण्याचे थर लवकर सोडून देते. ती जी ओढून धरायची सवय, तिले विस्कॉसिटी म्हंते. आमच्या मराठी पुस्तकात श्यानता."

मले आमच्या नाल्याचं ध्यान आलं. धुणं धुताना पळसाचं पान धारेच्या मधोमध पडलं का पळते, अन् काठाले लागलेलं पान तिथंच घुटमळते. पाणी तेच, पण काठ त्याले धरून ठेवते. मी तिले सांगितलं.

"बस, तेच हाये," ती म्हणे. "गरम केलं का ही पकड ढिली होते. तेलाची, मधाची, डांबराची, साऱ्याईची."

मंग तिनं फरशीवर चमचाभर तेल टाकलं अन् त्याच्यावर सपाट बुडाची प्लेट ठेवली. "एका बोटानं ढकल." सरकन गेली. दुसऱ्या जागी मध टाकला, तशीच प्लेट ठेवली. बोटानं हालली, पण गोगलगाईसारखी. तळहात लावला तवा कुठं चालली.

"मध सांडून राह्यली," बुढा म्हणे.

"शिकवून राह्यलो आबा."

"मास्तरीण. माहा मध सांडणारी मास्तरीण."

ती मले म्हणे, "आता जोरानं ढकल." जोरानं ढकलली तं जोरात गेली. तिनं सांगितलं, पाणी, तेल, मध हे सरळ स्वभावाचे. जेवढा जोर वाढवला तेवढाच वेग वाढते, दुप्पट जोर तं दुप्पट वेग. कितीबी ढवळा, स्वभाव बदलत नाई. मंग तिनं मोठं ताट ठेवलं. ते ढकलाले जास्त ताकद लागली. मी म्हटलं, म्हंजे मोठ्या ताटाखाली मध जास्त घट्ट झाला? नाई म्हणे. ताट मोठं म्हणून एकूण जोर जास्त लागला, पण ताटाखालच्या एकेका बोटभर जागेवर पाह्यलं तं ओढ तेवढीच. त्या बोटभर जागेवरच्या ओढीले शिअर स्ट्रेस म्हंते. जोर किती जागेवर वाटला ते पाहाव लागते.

"मेथीची भाजी थोडी असली अन् ताटं जास्त असली तं वाटा कमी येते, तसं," मी म्हटलं.

"तसंच समज."

तिनं मंग ताट वरून दाबलं, मधाचा थर अगदी पातळ केला. आता ते ढकलाले अजूनच कठीण. हे मले उलटं वाटलं, मध कमी तं काम सोपं व्हाले पाह्यजे. तिनं वाकळाकडं बोट दाखवलं. म्हणे, दोनच वाकळा राह्यल्या अन् वरचीले तेवढंच दूर जायचं असलं, तं एकीले दुसरीवरून केवढं घसराव लागन. वाकळा जास्त असल्या तं प्रत्येकीच्या वाट्याले थोडं-थोडंच घसरणं येते. हे मले लवकर पटलं नाई. मी खरंच साऱ्या वाकळा काढून दोनच ठेवल्या अन् ढकलून पाह्यल्या. तवा पटलं.

"अन् पेज?" मी इचारलं. "पेज सरळ स्वभावाची हाये का?"

"नाई. पेज ढवळली का नरम पडते. तू गरम करतो अन् वरून गरागरा ढवळतो, म्हंजे दोन्हीकडून तिले पातळ करून राह्यली. शांत ठेवली का पुन्हा थोडी जमते."

बुढा तोंड पुसत म्हणे, "तुही आजी मध हाये. जोर लावल्याशिवाय हालत नाई."

"अन् तुमी?" मी म्हटलं. "लगन झाल्यापासून ढवळून राह्यलो, अजून नरम पडले नाई."

रविवारी मी पेज केली अन् भीतीनं जास्तच घट्ट केली. गरम केली नाई, ढवळली नाई. एकदम लापशी झाली. बुढ्यानं चमचा तोंडात घेतला अन् तोंडातल्या तोंडातच फिरवत बसला. टाळूले चिकटली. जीभ तिले मागं ढकलाले पाहे अन् ढकलली जाये नाई. शेवटी मी बोट घालून काढली. ठसका नाई लागला, पण पोटातबी काही गेलं नाई. त्यानं मान फिरवून घेतली, पिचकारीच्या दिवसांसारखी. ते मले चांगलं वाटलं नाई.

नात म्हणे, "आबाच्या जिभेत आता जोर थोडा हाये आजी. जेवढा जोर तेवढंच ती ढकलन. पेजेची ओढ त्याच्या वर गेली तं ती हालणारच नाई. खूप पातळ तं झाकणाच्या आधी धावन, खूप घट्ट तं जीभ हारन. दोन्हीच्या मधली धराव लागन."

"अन् ती मधली रोज कशी धराव? पीठ कधी नवं, कधी जुनं. कधी जास्त फुगते, कधी कमी."

ती घरभर पाहाले लागली. खुंटीले प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्यातली ती पिचकारी लटकलेली होती. फेकाची म्हणून मी ठेवली होती, अन् फेकाले हात होत नव्हता. न जाणो, पुन्हा लागली तं. नातीनं ती काढली. बुढ्यानं पाह्यलं अन् त्याचं तोंड उतरलं.

"तुमच्यासाठी नाई आबा. पेजेसाठी."

तिनं पिचकारीचा दांडा काढला, टोकाले बोट लावलं, तिच्यात वरच्या रेघेपर्यंत मध भरला. मले म्हणे, "आजी, मी बोट काढलं का त्रिशरण म्हणाले लाग. संपलं का थांब." बोट काढलं, खाली वाटी धरली. मी रोज म्हंतो त्याच चालीवर म्हटलं, न घाई, न उशीर. संपलं तवा तिनं पुन्हा बोट लावलं. मध जरासाच उतरला होता. जिथं थांबला तिथं तिनं आपल्या नखाची लाल पॉलिश लावली, लहान रेघ. "आता पेज याच रेघेपाशी थांबली पाह्यजे. खाली गेली तं पातळ, वरच राह्यली तं घट्ट. अन् जशी तोंडात जाईन तशीच मोजायची. मोजल्यावर गरम नाई, ढवळणं नाई."

तवापासून हे माहं रोजचं काम झालं. पहाटे पेज शिजवायची, झाकून ठेवायची. बुढा उठला, तोंड धुतलं, का मी पिचकारी घेऊन बसतो. खाली गेली तं पीठ कालवून थोडी पुन्हा शिजवायची, वर राह्यली तं पाणी घालायचं, अन् निवली का पुन्हा मोजायची. शेजारीण एकदा कुंपणावरून म्हणे, "काकी, पिचकारीपुढं त्रिशरण म्हणून राह्यली काय?"

"हो."

"अन् पेज निवलेली देऊन राह्यली?"

"निवलेलीच. थंडी नाई, निवलेली."

"काही झालं तं मंग मले नको सांगू."

"तुले नाई तं कोणाले सांगू? तुह्या नवऱ्याचाच ऑटो हाये."

ती बडबडत गेली, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचं बारीक चाळलेलं पीठ घेऊन आली.

ठसका एकदम गेला नाई. कधी लागे. बुढा आडवा असतानाच मी चमचा दिला तं लागे, बोलताना दिला तं लागे. मंग मी त्याले पाठीले वाकळ लावून ताठ बसवाले लागली, अन् चमचा तोंडात असताना बोलू द्यायची नाई. त्याले तेच कठीण जाये. आयुष्यभर रेच्यांच्या आवाजात ओरडून बोललेला माणूस, आता जरा बोलणं आलं तं गप्प बस म्हणाव लागे.

दवाखान्यात दाखवायचा दिवस आला. नात कॉलेजातून सरळ दवाखान्यात आली. मी रात्रभर त्याची छाती ऐकत होती, कान लावून, पण माह्या कानाले आता सारंच खरखर लागते. डाक्टरनं कानाची नळी छातीले लावली. पुढून ऐकलं, मागून ऐकलं, म्हणे श्वास घ्या, सोडा, पुन्हा घ्या. बुढा समोरच्या भिंतीकडं पाहून राह्यला होता. त्याचा चांगला हात खुर्चीच्या कडेले घट्ट धरलेला.

"छाती साफ आहे," डाक्टर म्हणे. "नळीची गरज नाही. काय बदल केला?"

नात माह्याकडं पाहाले लागली. मी म्हटलं, "निवलेली देतो."

तो हो म्हणाला अन् पुढं लिहाले लागला. त्याले काय सांगणार वाकळा अन् डांबर? बाहेर लई लोक बसलेले होते.

गिळणं शिकवणाऱ्या बाईनं मात्र सारं इचारलं. नातीनं पिचकारीची गोष्ट सांगितली तवा ती म्हणे, आम्हीपण अशीच मोजतो, तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, गर्दीत राहून गेलं. मंग बुढ्याले इचारलं, "आबा, काही खावंसं वाटतं?"

"चाय," बुढा म्हणे. एकदम स्पष्ट.

"चालेल. पण तशीच घट्ट करून, निववून, चमच्यानं."

आता माह्या बुढ्याची चाय म्हंजे उकळती. जिनातून आला का बशीत ओतायची, फुंकायची नाई, भुरका मारायचा, वाफ मिशीवर. थंडी चाय त्यानं मले अंगणात फेकून दाखवलेली हाये. मी घरी आली अन् चाय केली, अद्रक टाकून, दूध जास्त. तांदळाचं पीठ चाळून थोडं थोडं कालवलं, शिजवलं, झाकून ठेवली. वास साऱ्या घरात. बुढा खाटेवर ताठ बसून वाट पाहून राह्यला, मी न सांगता.

निवली. पिचकारीत भरली, त्रिशरण म्हटलं. लाल रेघेपाशी थांबली.

चमचा वाटीत घालणार तं तो मान हालवे. बोट कोनाड्याकडं. कोनाड्यात त्याची बशी होती, काठाले टवका गेलेली. मी बशी पुसली, त्याच्यात ओतली. पातळ चाय बशीभर पसरते, ही पसरली नाई. मधोमधच बसली, फुगून, हळूहळू काठाकडं सरकाले लागली, मधली पुढं अन् बशीले लागलेली मागं. मी त्याले ते दाखवलं. त्यानं पाह्यलं, पण त्याचं ध्यान दुसरीकडं होतं.

पहिला चमचा. तोंड मिटलं. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. मी थांबली. नात थांबली. ठसका नाई.

"याले चाय म्हंते?" बुढा म्हणे.

"मंग काय म्हंते?"

"डांबर."

"राहू देऊ?"

त्यानं तोंड उघडलं. मी दुसरा चमचा देला, मंग तिसरा. बशी साफ झाली. नातीनं पिचकारी धुऊन खुंटीले लावली, अन् तो माह्या हातातल्या गंजाकडं मान वाकडी करून पाहाले लागला, तळाशी काही उरलं हाये का म्हणून.